तुम्ही विचारलंत म्हणून : स्केप्टाच का?

सांगलीला गेलो की हा प्रश्न ठरलेला असतो, आणि लंडनमध्ये कुणा मराठी माणसाच्या घरी गणपतीच्या जेवणाला बसलो तरी पहिल्या वाढपाच्या आत तो येतोच : "तुम्ही बारा वर्षे तबला शिकलात, आणि गाडीत हे असले काय लावता? त्या स्केप्टाने असे केले तरी काय?" स्केप्टा हा लंडनचा रॅपर, ग्राइम या तिथल्याच वस्त्यांमधून आलेल्या जलद ठेक्याच्या रॅप-संगीतातला. आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो. या वेळी प्रश्न विचारणाऱ्या मामेबहिणीने लेखी उत्तर मागितले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१४ च्या उन्हाळ्यात मी उत्तर लंडनच्या टॉटनहॅम भागात भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि कामावरून परतताना १४९ क्रमांकाच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसत असे. एका संध्याकाळी मागच्या बाकांवर शाळेच्या गणवेशातली चार मुले होती. एकाच्या हातात फोन होता आणि त्याच्या त्या चिरक्या स्पीकरवर काहीतरी खणखणत होते. दुसरा मुलगा पुढच्या बाकाच्या दांड्यावर बोटांच्या पेरांनी ठेका धरून होता, आणि उरलेले दोघे आळीपाळीने शब्द म्हणत होते. एकाची ओळ नेमकी ठेक्यावर बसली, तशी बाकीचे तिघे ओरडले. फोनवाल्याने गाणे मध्येच तोडले आणि पुन्हा पहिल्यापासून लावले.

मी चमकलो, कारण हा प्रकार मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. नाटक कंपन्यांच्या गोष्टी सांगताना आजोबा कुठल्या पदाला किती 'वन्स मोअर' मिळाले ते बोटांवर मोजून सांगत. त्या बसमध्ये झाला तो वन्स मोअरच होता. ग्राइमच्या भाषेत त्याला 'रीलोड' म्हणतात : गर्दीने गलका केला की डीजे फिरती तबकडी हाताने मागे ओढतो आणि गाणे नव्याने सुरू होते. फरक इतकाच, की आपल्याकडे पद पुरे होईपर्यंत प्रेक्षक धीर धरत. इथे ओळ अर्ध्यावर असताना थांबवले जाणे हाच मोठा मान समजला जातो. मुले उतरण्यापूर्वी मी गाण्याचे नाव विचारले. ते 'दॅट्स नॉट मी' होते, स्केप्टा आणि त्याचा धाकटा भाऊ जेएमई यांचे, आणि ते त्याच टॉटनहॅमचे होते.

स्केप्टाचे खरे नाव जोसेफ अडेनुगा. जन्म १९८२ चा, आईवडील नायजेरियातून आलेले योरुबा. चार भावंडांपैकी जेएमई, म्हणजे जेमी, स्वतः नावाजलेला एमसी, म्हणजे ठेक्यावर शब्द म्हणणारा, आहे आणि बहीण ज्युली रेडिओवरची प्रसिद्ध निवेदिका आहे. स्केप्टाने सुरुवात केली ती मेरिडियन क्रू या वस्तीतल्या टोळक्याचा डीजे म्हणून. माईक त्याने नंतर हाती घेतला. त्या काळी हे संगीत पायरेट, म्हणजे विनापरवाना चालणाऱ्या, रेडिओवर वाजत असे. उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायचा, कुणाच्या तरी खोलीत स्टुडिओ थाटायचा आणि धाड पडली की दुसऱ्या इमारतीत जायचे, असा तो उद्योग होता. संगीत तरी कशावर करायचे? कुणी प्लेस्टेशनवरच्या 'म्युझिक २०००' या खेळवजा प्रोग्रॅमवर, कुणी घरच्या संगणकावर फ्रूटीलूप्स या संगीत करायच्या प्रोग्रॅममध्ये. ग्राइमची गती मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास असते, आणि फ्रूटीलूप्स उघडल्यावर समोर हाच आकडा असे म्हणून ती रूढ झाली, असेही म्हणतात.

इथे तबलजी म्हणून दोन शब्द बोलायची मुभा घेतो. १४० ही गती ऐकायला वाटते तितकी घाईची नाही, कारण खालचा ढोल पुष्कळदा निम्म्या लयीत, म्हणजे ७० च्या ठायीत चालतो आणि वर एमसी दुगुन किंवा चौगुन म्हणतो. बहुतेक एमसी मोकळी जागा दिसली की ती भरून काढतात. नव्या तबलजीला रेल्याचा मोह होतो, त्यातलाच हा प्रकार. स्केप्टा भरत नाही. त्याची वाक्ये आखूड असतात, शब्द रोजच्या बोलण्यातले असतात, आणि समेच्या किंचित अलीकडे तो थांबतो, त्यामुळे पुढचा ठोका ऐकणाऱ्याच्या मनात आधी पडतो. त्याच्याहून चपळ जिभेचे एमसी लंडनमध्ये डझनाने आहेत. कुठे गप्प बसावे हे त्याच्याइतके कळणारा मला तरी दुसरा सापडलेला नाही.

२००५ मध्ये दोघा भावांनी 'बॉय बेटर नो' हे स्वतःचे लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, काढले. स्वतःच सीडी काढायच्या, स्वतःच विकायच्या, टी-शर्ट छापायचे; पुढे तर त्यांनी आपल्या नावाचे मोबाइल सिमकार्डसुद्धा विकले. घरच्या घरी पापड-कुरडयांचा धंदा चालवणाऱ्या कुणालाही हा हिशेब लगेच समजेल. २००७ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्याचे नाव त्याने 'ग्रेटेस्ट हिट्स' ठेवले, त्यातला खट्याळपणा मला अजून आवडतो. २००९ मध्ये 'मायक्रोफोन चॅम्पियन' आला. कार्यक्रम मात्र मिळणे अवघड होते, कारण २००५ पासूनच लंडनचे पोलीस कार्यक्रमांच्या आयोजकांकडून 'फॉर्म ६९६' भरून घेऊ लागले होते. संगीत कुठल्या प्रकारचे आहे, आणि सुरुवातीच्या काळात तर श्रोते कुठल्या वंशाचे असतील, हेही त्यात विचारलेले असे. जागेचे मालक कटकट नको म्हणून ग्राइमच टाळत. तो फॉर्म २०१७ मध्ये रद्द झाला, म्हणजे स्केप्टाच्या उमेदीचा बहुतेक काळ त्याच्या सावलीत गेला.

मग सगळ्यांनी केले तेच त्यानेही केले. ग्राइममधलाच डिझी रास्कल २००८ मध्ये नाचाच्या गाण्यावर ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकाला पोहोचला होता, दुसरा ग्राइमवाला वायली याचे गाणे त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर गेले होते, आणि रस्ता स्पष्ट दिसत होता : ग्राइमचे खडे काढून टाका, कुणा गोड गळ्याच्या गायिकेकडून धृपद गाऊन घ्या, क्लबचा ठेका लावा. २०११ च्या 'डुइंग इट अगेन' अल्बममधले 'रेस्क्यू मी' अशाच पद्धतीने पहिल्या वीसात गेले. ती गाणी वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, पण त्या गाण्यांना पत्ता नाही. ती लीड्सची असती किंवा लॉस एंजेलिसची असती तरी काही बिघडले नसते.

तुम्ही विचारता, त्याने केले तरी काय, त्याचे उत्तर इथे आहे. २०१२ मध्ये त्याने कॅमेऱ्यासमोर बसून बराच वेळ नुसते बोलत राहिल्याचा एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. त्यात गाणे नव्हते; आपण कुठे चुकलो, आपल्याला नेहमी खाली का लेखले जाते, याची ती काहीशी विस्कळीत कबुली होती. आणि दोन वर्षांनी 'दॅट्स नॉट मी' आले. पूर्वी मी महागड्या ब्रँडचे कपडे घालत होतो, ते सगळे कचऱ्याच्या डब्यात टाकले, कारण तो मी नव्हेच, एवढाच त्याचा आशय. संगीत त्याचे स्वतःचे, दहा वर्षांपूर्वीच्या पायरेट रेडिओसारखे कोरडे आणि टोकदार. व्हिडिओला खर्च आला ८० पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ८,००० रुपये. मागे जुनाट चित्रफितीसारखी खरबरीत दृश्ये सरकतात आणि पुढे दोघे भाऊ माईक धरून उभे आहेत, बस्स. त्या वर्षी कृष्णवर्णीय संगीतासाठीच्या मोबो पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान याच ८० पौंडांच्या कामाला मिळाला.

यात साधेपणाचा विजय वगैरे पाहणाऱ्यांशी माझे पटत नाही. गरिबी आणि काटकसर यांत फरक आहे. २००४ मधला स्वस्त आवाज नाइलाजाचा होता, २०१४ मधला निवडलेला होता. महागडा आवाज कसा काढतात हे कळल्यावर त्याने तो बाजूला ठेवला, आणि म्हणून ती निवड ऐकू येते. महागडे कपडे टाकून त्याने घातलेला साधा ट्रॅकसूट पुढे फॅशनवाल्यांनी उचलला, आणि २०१७ मध्ये नायकीने त्याच्याच नावाचा बूट बाजारात आणला, हा भाग गमतीचा आहे खरा. पण त्याचा दोष मी त्याला देत नाही.

पुढचे फार भराभर घडले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिट या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या मागे काळ्या कपड्यांतला एक जथा उभा राहिला, आगीचे लोळ उठले, आणि त्या जथ्यात स्केप्टा आणि जेएमई होते. टीव्हीवर ते पाहून पुष्कळ सभ्य घरे दचकली; त्या दचकण्याची नक्कल त्याने पुढच्या 'शटडाउन' या गाण्यातच घालून टाकली. एप्रिलमध्ये पूर्व लंडनच्या शोरडिचमधल्या एका गाड्यांच्या तळावर त्याने आयत्या वेळी निरोप देऊन कार्यक्रम केला. मे २०१६ मध्ये 'कोनिचिवा' हा अल्बम स्वतःच्याच लेबलवर आला आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. सप्टेंबरमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत त्याच्यासमोर रेडिओहेड हा नामवंत बँड होता आणि त्याच वर्षी जानेवारीत वारलेला थोर गायक डेव्हिड बोवी होता. मी ते घरी बसून पाहत होतो आणि पुरस्कार बोवीलाच जाणार हे धरून चाललो होतो. स्केप्टाचे नाव पुकारले गेले तेव्हा तो घरच्या माणसांना आणि मित्रांना घेऊन मंचावर गेला. ग्राइमला हा मान यापूर्वी एकदाच, २००३ मध्ये डिझी रास्कलच्या रूपाने मिळाला होता.

मला अधिक जवळची वाटते ती त्यानंतरची एक गोष्ट. ब्रिटिश सरकारने देऊ केलेला एमबीई हा किताब त्याने नाकारला आणि २०१७ च्या एका गाण्यात जाता जाता ते सांगून टाकले. पुढच्याच वर्षी नायजेरियातल्या ओगुन राज्यात, आपल्या मूळ गावच्या लोकांनी दिलेली चीफ ही पदवी मात्र त्याने पारंपरिक वेशात, मान लववून घेतली. हाच माणूस एका जुन्या गाण्यात सांगतो, की त्याच्या शाळेच्या दिवसांत आफ्रिकन असणे ही शिवी होती आणि बाईंना त्याचे आडनाव नीट उच्चारता येत नसे. लंडनमध्ये आमच्यातल्या किती मुलांची नावे बालवाडीतच दोन अक्षरांवर येतात, हे मी पाहिले आहे. माझ्या स्वतःच्या मुलाचे आले. त्यामुळे हे ऐकताना मी निव्वळ रसिक म्हणून ऐकू शकत नाही.

त्याचे सगळेच पटते असे नाही. २०१९ चा 'इग्नोरन्स इज ब्लिस' मला अर्धाच आवडतो. २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या एका गाण्याचे मुखपृष्ठ ज्यूंच्या संहाराची आठवण करून देणारे आहे अशी टीका झाली. त्याने माफी मागून ते मागे घेतले, पण छापण्यापूर्वी कुणाच्याच ते लक्षात येऊ नये याचे मला आश्चर्य वाटते. उलट जून २०२५ मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात डेफ्टोन्स हा बँड आजारपणामुळे आयत्या वेळी येऊ शकला नाही, तेव्हा सोबतची मंडळी नसतानाही स्केप्टा त्यांच्या जागी उभा राहिला. नाटकात बदली नट ऐनवेळी तोंडाला रंग लावून उभा राहतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली हिंमत सांगावी लागणार नाही.

तेव्हा मामेबहिणीला एवढेच सांगतो : सुरुवात 'दॅट्स नॉट मी'पासून कर. चांगले हेडफोन लावू नकोस. फोनच्या स्पीकरवरच ऐक, आणि मांडीवर ठायीत ताल धर. पहिल्या वेळी शब्द कळणार नाहीत. धृपद दुसऱ्यांदा येते तिथे तो क्षणभर थांबतो. तिथे हात उचललास तर मला फोन कर.