जुनं वाद्य दिसलं की आधी आत बघा

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. माझ्याकडे एक छोटी जुनी गिटार आली, शंभरेक वर्षांची असेल, अंगाने अगदी सडपातळ, आणि मी शहाण्याने काय केलं तर तिला सरळ स्टीलच्या तारा चढवल्या. आवाज खणखणीत यायला लागला, मी खूश. पंधरा-वीस दिवसांनी बघतो तर घोडीच्या (तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागे तबली, म्हणजे वरची पातळ फळी, फुगलेली, पुढे खड्डा पडलेला, आणि एका रात्री फाडकन आवाज झाला आणि घोडी खालच्या लाकडाची सालटी घेऊनच उखडली. चूक तिची नव्हती हो, ती बनवलेली तातीच्या तारांसाठी, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. सहा ताती मिळून ओढतात साधारण ४० किलो, स्टीलच्या तारा सहज ७० च्या वर जातात.

तेव्हापासून खोडच लागलीय. कुठलंही जुनं वाद्य हातात आलं की नक्षी नंतर, आधी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि बारीक एलईडी घेऊन भोकातून आत.

आणि आत बघायचं तर ल्यूटसारखं वाद्य नाही. बोटांनी छेडायचं, फुगीर पोटाचं तंतुवाद्य, अरबी ऊद या वाद्याची युरोपातली पुतणी म्हणा. पोट बघून वाटतं आपल्या तंबोऱ्यासारखा भोपळा असेल नाहीतर ओंडका कोरला असेल, पण नाही, मेपल किंवा यू लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम करून वाकवायच्या आणि कडेला कड लावून सरसाने चिकटवायच्या, कधी ९-११, कधी तिसाच्याही वर. सांध्यावर आतून कागदाच्या किंवा चामड्याच्या पट्ट्या, त्यात कधीकधी कुणाची तरी लिहिलेली रद्दीसुद्धा निघते! वरची तबली स्प्रूसची, दीडेक मिलीमीटर, बस्स. पहिल्यांदा उचललं तेव्हा मी वजनाच्या अंदाजाने हात लावला आणि ते एकदम वर आलं, छोटं ल्यूट किलोभरसुद्धा नसतं.

मधली गोल जाळी तर जवळून बघाच. लोकांना वाटतं वेगळी करून बसवलीय, पण ती त्याच तबलीत पातळ सुरीने कोरलेली असते, आणि गंमत म्हणजे पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्यासारख्या दिसतात, विणल्यासारख्या, तर प्रत्यक्षात सगळं एकाच पातळीवर, फक्त जिथे 'खालून' गेल्यासारखं दाखवायचंय तिथे सुरीने बारीकशी खाच मारलेली. तिरका उजेड टाकला की एखाददुसरी खाच चुकलेलीही दिसते आणि मला तर तीच जास्त आवडते. एवढं कोरल्यावर तबली टिकणार कशी, तर आतून आडव्या पट्ट्या, त्यातल्या काही बरोबर जाळीखालून गेलेल्या.

बरं, ही वाद्यं 'जशीच्या तशी' जपली गेली असं समजू नका. सरस ऊब आणि ओल लागली की सुटतो, त्यामुळे वाद्य उघडता येतं, आणि लोकांनी उघडलीच. इटलीतल्या बोलोन्याचा कारागीर लाउक्स मालर, त्याची ल्यूट म्हणजे सोळाव्या शतकातला नामांकित माल, पण पुढे तारांच्या जोड्या ६ वरून ११-१३ झाल्या तेव्हा त्यांच्या दांड्या काढून रुंद दांड्या बसवल्या. पोट जुनं, मान नवी. अँटिकवाल्यांना हे दुखतं, मला नाही दुखत, वाजवायला हवं होतं म्हणून केलं ना.

व्हायोलिनवाल्या स्ट्रॅडिव्हारीनेही गिटारी केल्यात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, १६८८ ची एक ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे, तारांच्या पाच जोड्यांची. पण मी ज्याच्यापुढे हात जोडतो तो स्पेनचा गिटार बनवणारा अँटोनियो दे टोरेस. तो म्हणायचा आवाज तबलीत असतो, आणि ते दाखवायला त्याने १८६२ मध्ये गिटार केली जिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या, फक्त तबली नीट लाकडाची. बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आहे ती. महागडी लाकडं मिरवणाऱ्यांनी एकदा बघावीच.

आणि लाकूडच उरलं नाही तर? आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरात, राजघराण्याच्या दफनभूमीत ४५०० वर्षांपूर्वीच्या लायरी (चौकटीत तारा ताणलेली वाद्यं) होत्या, लाकूड कधीच कुजून गेलेलं, मातीत नुसती पोकळी. उत्खनन करणाऱ्या लेनर्ड वूलीने त्या पोकळीत प्लास्टर ओतलं आणि वाद्याचा आकार हातात आला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

असो, माझ्या गिटारीचं सांगायचं राहिलं. कारागिराने कोमट सुरी फिरवून पाठ उघडली तर आत एक पट्टी आधीच कुणीतरी डागडुजी करून बसवलेली होती, म्हणजे माझ्यासारखा गाढव आधीही होऊन गेलाय. आता कमी ताणाच्या नायलॉनच्या तारा आहेत. आवाज लहान आहे. घोडीमागचा फुगवटा थोडा राहिलाच, खिडकीपाशी तिरकी धरली की दिसतो.