दिमापूर ते कोहिमा: चिखल, टॅक्सीवाले आणि ९१७ नावं

दिमापूरहून कोहिमा ७४ किलोमीटर, दोन तासांत पोचाल, असं जो लिहितो तो एकतर हिवाळ्यात गेलाय किंवा गेलेलाच नाही. आम्ही सप्टेंबरात गेलो, तिथली दुसऱ्या महायुद्धातली वॉर सिमेट्री पाहायला. साडेपाच तास लागले, आणि त्यातला निम्मा वेळ चुमुकेदिमाच्या पुढच्या पट्ट्यात गेला.

आधी टॅक्सीचं. दिमापूर स्टेशनबाहेर पडलात की माणसं अंगावर येतात. 'शेअर गाडी आज बंद आहे, रिझर्व्ह घ्या.' साफ थाप. रविवार सोडून शेअर सुमो असतात, फक्त थोडं चालत स्टँडवर जावं लागतं आणि सीट भरेपर्यंत थांबावं लागतं. आमच्यासोबत मामा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि गुडघ्यांनी कुरकुरणारे, म्हणून आम्ही रिझर्व्ह घेतली. ५,००० ठरले. चुमुकेदिमा ओलांडल्यावर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि 'पुढे रस्ता फार खराब, आणखी हजार द्या' म्हणाला. रस्ता त्याला निघतानाही माहीत होताच की! मामांनी शांतपणे सांगितलं, 'इथंच उतरव आणि ठरल्यातले अर्धे घे.' तो गप्प झाला. तुम्हीही हेच करा. निघण्यापूर्वी 'सगळं धरून किती' हे दोनदा वदवून घ्या आणि पूर्ण पैसे पोचल्यावरच द्या.

आता तो पट्टा. पागला पहाड हे नाव गमतीनं पडलेलं नाही. एका बाजूला कापलेला, सुटलेल्या दगडांचा उभा कडा, दुसरीकडे दरी आणि मधे लाल चिखल. जुलै २०२३ मध्ये इथंच वरून आलेल्या दगडांखाली गाड्या चिरडल्या आणि माणसं गेली. आमच्या पुढे एक ट्रक रुतला आणि कड्याखालीच रांग लागली. त्या रांगेत थांबणं मला अजिबात पटलं नाही, पण मागे वळायला जागा नव्हती. जोराचा पाऊस झाला असेल तर त्या दिवशी दिमापूरलाच राहा. दुपारनंतर तर मुळीच निघू नका, या भागात अंधार लवकर पडतो. सकाळी सहाची गाडी पकडा. मेदझिफेमा गेलं की मणके जरा सावरतात.

नागालँडमध्ये शिरायला लागणारं इनर लाइन परमिट घरूनच ऑनलाइन काढा, छापील प्रत खिशात ठेवा. फोनची बॅटरी त्या रांगेतच संपते.

कोहिमाची वॉर सिमेट्री गावाच्या मध्यावर, हमरस्त्याला लागूनच आहे. तिकीट नाही. गॅरिसन हिलच्या उतारावर टप्प्याटप्प्यानं चढत जाणाऱ्या कबरींच्या रांगा, एकूण १,४२०. बहुतेक लोक खालच्या टप्प्यावर 'तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला' या प्रसिद्ध ओळींच्या दगडाशी फोटो काढतात आणि वीस मिनिटांत परततात. तेवढ्यासाठी हा रस्ता सोसायची गरज नाही, फोटो घरबसल्या बघा. तो दगड मात्र नीट पाहा: ब्रिटिशांच्या दुसऱ्या डिव्हिजनचं स्मारक आहे, पण घडण नागांची. आपल्या मृतांसाठी ते उभी करत तशीच भलीमोठी शिळा.

खरं पाहायचं ते वर आहे. इथं डेप्युटी कमिशनर पॉसी यांचा बंगला होता आणि टेनिस कोर्ट. एप्रिल १९४४ मध्ये जपान्यांनी कोहिमाला वेढा घातला तेव्हा कोर्टाच्या एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला आपले, म्हणजे ब्रिटिश-भारतीय सैन्य, मधे फक्त हातगोळा फेकण्याएवढं अंतर. कोर्टाच्या रेघा आता काँक्रीटमध्ये आखून ठेवल्यात. त्यावर उभं राहून अंतर मोजलंत तरच ती लढाई कळते. शेवटी १३ मे रोजी रणगाडा वर चढवून हे कोर्ट घेतलं. वेढ्यातल्या सैन्याला तोफांचा आधार होता तो जवळच्या जोत्सोमाहून, भारतीय पहाडी तोफखान्याचा. तोफा तिकडे, नेम इकडे, आणि मधली आपली माणसं वाचवत. मामा यावरच अर्धा तास बोलत होते.

अगदी माथ्यावर दहनस्मारक आहे. हिंदू आणि शीख जवानांची, ज्यांचं दहन झालं त्यांची, ९१७ नावं. आम्ही असताना तिथं दुसरं कुणी फिरकलं नाही. पायऱ्या आहेत, थकलेला असाल तरी चढा. मामा चढले.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण फॉरवर्ड जोरात फिरतोय: 'कोहिमा मराठ्यांनी राखलं.' नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती सांगशाकला, आताच्या मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यात. मार्च १९४४ च्या अखेरीस ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या सोबतीनं तिनं जपान्यांना काही दिवस अडवलं, आणि त्या दिवसांमुळे कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. इथं येऊन त्यांचं स्मारक शोधत बसू नका.

इथल्या मातीतली माणसं म्हणाल तर आसाम रेजिमेंटची पहिली बटालियन. १९४१ साली शिलाँगला उभी राहिलेली, ईशान्येतल्याच पोरांची. कोहिमाच्या पूर्वेला जेसामी आणि खारासोम इथं 'शेवटच्या माणसापर्यंत लढा' असा हुकूम होता. माघारीचा हुकूम खारासोमला पोचलाच नाही, तेव्हा कॅप्टन यंग यांनी आपल्या माणसांना परत पाठवलं आणि स्वतः एकटे मागे राहिले. नागांनी जखमींना डोंगरांवरून खांद्यावर वाहिलं, वाटा दाखवल्या, खबरा आणल्या. एवढं वाचून या, म्हणजे नुसत्या पाट्या वाचत फिरावं लागणार नाही.

बाकी थोडक्यात. कोहिमाजवळच्या किसामाचं युद्धसंग्रहालय ठीक, वेळ असेल तर. जुकू व्हॅली सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हॉर्नबिल महोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे १ ते १० डिसेंबर, सिमेट्रीसाठी येऊ नका: गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही डोक्याबाहेर. रविवारी सगळं बंद, जेवणाची सोय शनिवारीच करून ठेवा. सिमेट्री सकाळी उघडताच गाठा.

सांगशाकला जायची मामांची फार इच्छा होती. मणिपूरची सध्याची परिस्थिती बघता मी स्पष्ट नको म्हणालो आणि तुम्हालाही तेच सांगतो. उखरूलकडचा कुणी ओळखीचा असेल, त्यानं 'या' म्हटलं तरच जा, टॅक्सीवाल्याच्या शब्दावर नको.