कामाचे थोडक्यात वर्णन

समान वेतन कायदा, 1976 खाली एक रजिस्टर ठेवावं लागायचं, नमुना 'ड'. पहिल्या रकान्यात कामगारांचा प्रवर्ग, दुसऱ्यात 'कामाचे थोडक्यात वर्णन', तिसऱ्यात पुरुष किती, चौथ्यात स्त्रिया किती, पाचव्यात वेतनाचा दर. कारखान्यांची कामगार कायद्याची कागदपत्रं सांभाळणं हा माझा धंदा. तिसाच्या वर कारखान्यांची ही रजिस्टरं मी नागपुरात सीताबर्डीच्या ऑफिसात बसून भरली. दुसरा रकाना भरताना मी कधीच अडलो नाही. 'हेल्पर : पॅकिंगचे काम', 'ऑपरेटर : मशीन चालविणे'. झालं. ही रजिस्टरं कोणी वाचत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं. पंधरा तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलन गेलं पाहिजे. बाकीचं मार्चमध्ये एका बैठकीत उरकायचं.

2017 सालची गोष्ट. हिंगणा एमआयडीसीतला एक मसाल्याचा कारखाना, तिखट, हळद, धणेपूड. पॅकिंगला 6 पुरुष, 14 बायका. पुरुष ऑपरेटर म्हणजे अर्धकुशल, बायका हेल्पर म्हणजे अकुशल. रोजीत 45 रुपयांचा फरक. किमान वेतनाच्या अधिसूचनेत बाई-माणूस असा भेद नसतोच, असते ती कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी उतरंड. दोघांनाही आपापल्या पायरीचं किमान वेतन मिळत होतं, त्यामुळे कागद चोख होता. त्या चोखपणाचा मला अभिमान होता, हे आता लिहायला जड जातं.

बायकांनी तक्रार केली आणि कामगार अधिकारी मॅडम तपासणीला आल्या. मी फाइली घेऊन आधीच हजर. साधारणपणे असा अधिकारी मालकाच्या केबिनमध्ये बसतो, चहा घेतो, रजिस्टरवर सही-शिक्का करतो आणि जातो. या बाईंनी चहा तसाच ठेवला. म्हणाल्या, "काम दाखवा."

मे महिना. पॅकिंगच्या शेडमध्ये पंखे लावत नाहीत, तिखट उडतं. आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं, ते अर्धा तास थांबलं नाही. बायकांनी ओढणी नाकाला बांधलेली, पुरुषांनी दुपट्टा. दोन्हीकडे तेच टेबल, तोच वजनकाटा, तीच सीलिंगची मशीन. पाकिटात भरा, काट्यावर ठेवा, चिमूटभर काढा नाहीतर घाला, मशीनच्या जबड्यात धरा, सील करा. तापमान थोडं चढलं तर पाकीट वितळतं, उतरलं तर सील उघडतं. ते बोटाने ओळखावं लागतं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. तोवर नऊ वर्षं मी त्याचं 'थोडक्यात वर्णन' करत होतो.

मालकाने तयारी केली होती. "मॅडम, माणसं पोती उचलतात. लेडीज लोक उचलू शकतात का?"

मॅडमनी पोती कोण उतरवतं ते विचारलं. हमाल. ते वेगळेच, दर गाडीमागे पैसे घेणारे. पुरुष ऑपरेटर पोतं सरकवायचे ते गोदामातून टेबलापर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. कायद्याची व्याख्या माझ्याही पाठ होती. कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी असेल, आणि जो फरक आहे तो व्यवहारात महत्त्वाचा नसेल, तर काम 'समान स्वरूपाचं'. पाठ असणं आणि समोर दिसणं यात किती अंतर असतं!

मग इसासनीहून येणारी एक बाई पुढे आली. तिच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. ती तिने वजनकाट्याशेजारी उलटी केली. चिठ्ठ्या. प्रत्येक खोक्यात एक छापील चिठ्ठी जाते : बॅच नंबर, मशीन नंबर, तारीख आणि खाली 'मशीन चालक : ______'. सील फुटल्याची तक्रार बाजारातून आली की त्या नावाचे पैसे कापायचे. (असं कापायचेही नियम आहेत आणि तेही पाळले जात नव्हते, पण तो वेगळा विषय.) तिने चिठ्ठीची दुसरी प्रत जपून ठेवली होती. 'मशीन चालक' या शब्दांपुढे तिचं नाव, महिनोन्‌महिने.

"कायले ठेवल्या एवढ्या?" मालकाने विचारलं.

"दुसऱ्याचं फुटलेलं पाकीट माह्या नावावर पडू नये म्हणून, भाऊ."

चिठ्ठ्या जपण्याचा पगाराशी संबंधच नव्हता. दंड कापायच्या कागदावर ती चालक होती आणि रोजीच्या कागदावर हेल्पर. पहिला कागद कारखान्यात छापलेला, दुसरा माझा.

केबिनमध्ये परतल्यावर मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मग असं करू, माणसांचेच 45 कमी करून टाकू." समानता आणायला कोणाचं वेतन कमी करता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय, असं मी सांगितलं. मग परवडत नसल्याची गोष्ट निघाली. त्यावर मॅडमनी मुंबईच्या एका स्टेनोग्राफर बाईंचा खटला सांगितला, मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचा, सर्वोच्च न्यायालय, 1987. कंपनीची आर्थिक स्थिती वाईट म्हणून हा कायदा लागू होत नाही असं नाही. युनियनशी झालेला करार दाखवूनही कंपनी सुटली नव्हती. शेवटी मॅडम शांतपणे म्हणाल्या की खटला झाला तर कमीत कमी दंड 10 हजार, किंवा तीन महिने ते वर्षभर कैद. मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी फायलीकडे.

दोन वर्षांच्या फरकावर समझोता झाला. 26 दिवसांच्या हिशेबाने महिन्याला 1,170, एकीचे 28,080, चौदा जणींचे 3,93,120 रुपये. हिशेब मीच केला आणि करताना दिसलं की 45 रुपये कधी 45वर थांबत नाहीत. पीएफमध्ये महिन्याला 140 मालकाकडून कमी, तेवढेच तिच्या स्वतःच्या वाट्याचेही कमी. ग्रॅच्युइटीत नोकरीच्या दर वर्षामागे 675 कमी. आजारी पडली तर ईएसआयसी सत्तर टक्के देते, ते कमी रोजीचे सत्तर टक्के. बाई रिटायर होईपर्यंत तो फरक तिच्या मागे चालत राहतो.

आता तो कायदा वेतन संहितेत गेला. संहिता 2019 ची, लागू झाली नोव्हेंबर 2025 मध्ये. 'समान किंवा समान स्वरूपाचे काम' हे शब्द तिच्यातही आहेत. माझ्या धंद्यातले लोक त्यावर व्याख्यानं देतात, मीही देतो. पदाचं नाव बदललं की काम बदलत नाही, असं सांगतो. शेडमध्ये किती जण गेलात, हे मात्र विचारत नाही.

त्या कारखान्याचं रजिस्टर मी नव्याने लिहिलं. एकच ओळ : 'मशीन चालक (पॅकिंग)', दर एकच. दुसऱ्या रकान्यात जागा पुरेना, अक्षर बारीक केलं.

दिवाळीनंतर मालकाचा फोन आला. माणसं भरायची होती. "या वेळी लेडीज नको," म्हणाला. भरतीतही भेद चालत नाही, कलम 5, मी म्हणालो.

"मग जाहिरातीत नका लिहू न."

जाहिरातीत लिहिलं नाही. अर्ज बायकांचेही आले असतील, ते माझ्याकडे येत नाहीत. सोडून गेलेल्या तीन बायकांच्या जागी कोण लागलं ते मला मार्चमध्ये कळलं. तिसऱ्या रकान्यात 6 चे 9 केले, चौथ्यात 14 चे 11. दर दोघांना सारखाच होता.