तुम्ही विचारलंत म्हणून : ‘द ऑफिस’मध्ये हसायचं कुठे?

‘द ऑफिस’ बघा असं कुणाला सांगितलं, की थोड्या दिवसांनी एक प्रश्न ठरल्यासारखा परत येतो. “दोन भाग बघितले. तो बॉस चारचौघांत असं काही बोलतो की बघणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. यात लोक हसतात तरी कुठे?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की बॉसकडे कमी बघा. त्याचं बोलणं ज्यांना मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतंय त्यांच्याकडे जास्त बघा. पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको.

आधी कुठलं ‘ऑफिस’ ते ठरवून घेऊ. मूळ मालिका ब्रिटिश आहे. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ही मालिका बीबीसी टूवर जुलै २००१ मध्ये सुरू झाली. स्लाउ इथली वर्नम हॉग ही कागद विकणारी कंपनी आणि तिथला शाखाप्रमुख डेव्हिड ब्रेंट. दोन सीझनचे १२ भाग आणि २००३ च्या नाताळातले दोन विशेष भाग, एवढ्यात त्यांनी ती आटोपली. अमेरिकन मालिका ग्रेग डॅनियल्सने घडवली. ती एनबीसीवर २४ मार्च २००५ ला सुरू झाली आणि १६ मे २०१३ ला संपली. ९ सीझन, २०१ भाग. इथे कंपनी डंडर मिफ्लिन, गाव पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन आणि बॉस मायकल स्कॉट, म्हणजे स्टीव्ह कॅरेल. लोक विचारतात ते बहुधा या दुसऱ्या मालिकेबद्दल, म्हणून मीही तिच्याबद्दलच बोलणार आहे.

दुसऱ्याची फजिती बघून आपण कानकोंडे होतो, हा स्वभावदोष नाही. २०११ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना इतरांच्या फजितीचे प्रसंग दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय घडतं ते स्कॅनमध्ये पाहिलं. दुसऱ्याला शारीरिक इजा होताना बघून मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच इथेही जागे झाले. शिवाय फजिती होणाऱ्याला तिची जाणीव असो वा नसो, बघणाऱ्याला ती लागतच होती. मायकल स्कॉट हा जाणीव नसलेल्यांपैकी. त्याला लाज वाटत नाही, म्हणून त्याच्या वाट्याची लाज आपल्याला उचलावी लागते. पहिल्या दोन भागांत जो ताण येतो तो हाच.

नेहमीच्या विनोदी मालिकेत हा ताण साठू देत नाहीत. वाक्य संपलं की प्रेक्षकांच्या हशाचा आवाज येतो, आपल्यालाही हसायची परवानगी मिळते आणि गाडी पुढे जाते. ‘द ऑफिस’मध्ये तो हशा नाही. मायकल काहीतरी भलतंच बोलतो आणि मग नुसती शांतता पसरते. कुणीतरी खुर्चीत सरकतं, कुणी टेबलावरचे कागद उगाच सारखे करतं. विनोद त्या शांततेत आहे. म्हणूनच ही मालिका दीडपट वेगाने बघू नका. तो वेग सगळ्यात आधी शांतताच खातो. सबटायटल्सचंही तसंच. त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुम्ही ते खाली वाचून मोकळे होता आणि ज्या क्षणी ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलतात त्या क्षणी तुमची नजर पडद्याच्या तळाशी असते. उच्चार कळत नसतील तर पहिल्यांदा सबटायटल्स लावा, पण आवडलेला भाग पुन्हा त्यांच्याशिवाय बघा. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवरून मत बनवू नका. अवघडलेपण दहा मिनिटं शिजत आलेलं असतं. तुकड्यात त्याचं फक्त टोक दिसतं आणि तो माणूस नुसता मूर्ख वाटतो.

आता कॅमेरा. कुणीतरी या कचेरीवर माहितीपट काढतंय अशी सगळी रचना आहे, त्यामुळे कॅमेरा हेही एक पात्रच आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. अमेरिकन मालिकेचा छायाचित्रकार रँडल आइनहॉर्न रिॲलिटी कार्यक्रमांच्या चित्रीकरणातून आलेला होता. हातातला कॅमेरा किंचित हलतो, बोलणाऱ्यावरून अचानक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, कधी खिडकीच्या पट्ट्यांतून चोरून बघतो. ऑफिसमधला विक्रेता जिम वैतागून थेट आपल्याकडे बघतो तेव्हा तो एका नजरेत सांगतो, “बघितलंत ना? मला एकट्यालाच दिसत नाहीये ना हे?” साक्षीदार मिळाला की कोंडी फुटते आणि हसू येतं. नेहमीच्या मालिकेतल्या हशाचं काम इथे ही नजर करते. तुम्ही बघता बघता भाजी निवडत असाल तर ती हुकणार आणि मागे उरणार नुसता ताण.

पहिल्याच भागातला एक प्रसंग सुटा करून बघू. तो दोन्ही मालिकांत आहे. ऑफिसात तात्पुरत्या कामावर एक नवा मुलगा आलाय, रायन. त्याच्यावर छाप पाडायला मायकल रिसेप्शनिस्ट पॅमला आत बोलावतो आणि चिकटचिठ्ठ्या चोरल्याचा आळ घेऊन तिला नोकरीवरून काढल्याचं सांगतो. ती रडायला लागते, मग हा सांगतो की सगळी गंमत होती. यात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत. नोकरी घेण्याची ताकद त्याच्याकडे खरोखर आहे. पॅमला उठून जाता येत नाही. तिसरा माणूस नवा आहे, त्याला कुठे बघावं ते कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मायकलला तिला दुखवायचं नाहीये. त्याला नव्या मुलाने हसायला हवंय. यातली एक जरी गोष्ट काढली तरी प्रसंग कोसळतो. ताकद काढली तर तो नुसता बाष्कळपणा, दुखवायचा हेतू घातला तर नुसता छळ.

हा हेतू पहिल्या सीझनमध्ये पुरेसा दिसत नाही, आणि माझ्या मते बहुतेक लोक तिथेच गळतात. पहिला भाग ब्रिटिश मालिकेवरून जवळजवळ जसाच्या तसा घेतलेला. दुसरा भाग ‘डायव्हर्सिटी डे’, ज्यात मायकल सगळ्यांच्या कपाळावर वंश आणि देश लिहिलेली कार्डं चिकटवतो आणि शेवटी केली या कर्मचारी मुलीच्या हातची थप्पड खातो. लेखन अत्यंत धारदार आहे, पण मायकलशी ओळखच झालेली नसताना हा भाग बघणं जड जातं. ब्रेंटची निर्दयता १४ भागांत पेलली जाते, कारण ती लवकरच संपणार आहे. वर्षाला वीसेक भाग करायचे तर लोकांनी दर आठवड्याला त्याच बॉसकडे परत यायला हवं. म्हणजे तो माफ करण्याजोगा हवा.

दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात, ‘द डंडीज’मध्ये, लेखकांनी हे कसं साधलं ते बघण्यासारखं आहे. मायकल एका रेस्टॉरंटमध्ये कर्मचाऱ्यांना आचरट पुरस्कार वाटतो आणि सगळे कंटाळलेत. मग शेजारची अनोळखी माणसं त्याची टर उडवायला लागतात. तो खचतो, आवरतं घेतो. आणि ज्यांना हा सोहळा मुळीच नको होता तीच माणसं, पॅमच्या पुढाकाराने, टाळ्या वाजवून त्याला चालू ठेवायला लावतात. आमच्या माणसाला आम्ही हसू, तुम्ही कोण? इथून मायकल त्या ऑफिसचा झाला. पुढे ‘द क्लायंट’मध्ये कळतं की विक्रीच्या कामात तो खरोखर तरबेज आहे, समोरच्याला हसतखेळत बोलतं करून तो मोठं कंत्राट खिशात घालतो. त्यानंतर हा माणूस त्या खुर्चीत कसा, असा प्रश्न पडत नाही.

त्याच सीझनमध्ये, कर्मचारी आपल्या मुलांना ऑफिसात आणतात त्या भागात, मायकलची लहानपणची एक चित्रफीत निघते. मुलांच्या कुठल्याशा कार्यक्रमात त्याला विचारलंय, मोठेपणी काय व्हायचंय? तो सांगतो, लग्न करायचंय आणि शंभर मुलं हवीत. म्हणजे शंभर मित्र होतील आणि माझा मित्र व्हायला कुणी नाही म्हणू शकणार नाही. पात्राची किल्ली हीच आहे. नाही म्हणू न शकणारी माणसं त्याला पुढे मिळाली, पण पगारावर.

म्हणून सुरुवात इथून करा: पहिल्या सीझनचा पहिला भाग ओळखीपुरता, मग थेट दुसरा सीझन पहिल्यापासून. तो गोडी लावून गेला की पहिल्या सीझनचे उरलेले पाच भाग बघा, ‘डायव्हर्सिटी डे’ तेव्हा वेगळाच दिसेल. एका बैठकीत दोनच्या पुढे जाऊ नका. मुळात हे आठवड्याला एक अशा बेताने बनवलं होतं आणि अवघडलेपणाला मध्ये हवा लागते.

या प्रकारच्या विनोदाची कमाल बघायची तर चौथ्या सीझनमधला ‘डिनर पार्टी’. एप्रिल २००८ चा हा भाग, हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपानंतरचा पहिला. उशिरापर्यंत थांबून काम करावं लागणार अशी मायकल आधी सगळ्यांची समजूत करून देतो, मग ते संकट स्वतःच दूर केल्याचा देखावा करतो. आता मायकलच्या घरचं जेवणाचं आमंत्रण टाळायला जिम आणि पॅमकडे संध्याकाळ मोकळी नसल्याचं कारण उरत नाही. सुटकेची वाट लेखकांनी पहिल्या दोन मिनिटांतच बंद केली. घरी गेल्यावर मायकल आणि त्याची मैत्रीण जॅन यांचं भांडण पाहुण्यांसमोर हळूहळू वर येतं, आणि येतं ते वस्तूंमधून. मायकल पलंगाच्या पायथ्याच्या बाकड्यावर झोपतो. दोनशे डॉलरचा एवढासा टीव्ही तो अभिमानाने भिंतीत आत ढकलून दाखवतो. जॅन तिच्या जुन्या सहायकाने गायलेलं गाणं लावते आणि त्यावर एकटीच डुलते. जेवणाचं मांस शिजायला अजून तीन तास आहेत, म्हणजे निघता येत नाही. जिम घरात पाणी शिरल्याची थाप मारून सुटायला बघतो, तीही फसते. शेवटी पुरस्काराची बाहुली त्या टीव्हीवर आदळते. या भागात कुणीही विनोद म्हणून विनोद करत नाही. पाहुण्यांचे चेहरे बघा, विशेषतः पॅमचा. आणि मायकलला या वेळी आपली फजिती कळते आहे हेही बघा. पहिल्यांदाच लाज त्याची तो उचलतो, आपण थोडे मोकळे होतो, आणि म्हणून एवढ्या कडवट भागात इतकं हसू येतं.

याची उलटी बाजू तिसऱ्या सीझनच्या ‘बिझनेस स्कूल’मध्ये आहे. पॅमच्या चित्रांच्या प्रदर्शनाला ऑफिसमधलं जवळजवळ कुणी येत नाही. जे येतात ते तिच्या नकळत नावं ठेवतात आणि तिच्या कानावर ते पडतं. संपता संपता मायकल येतो. त्याला चित्रकलेतलं काही कळत नाही. ऑफिसच्या इमारतीचं चित्र बघून तो थक्क होतो आणि विकत मागतो. पॅम त्याला मिठी मारते. एरवी अवघडून टाकणारा त्याचा तोच भाबडेपणा इथे कामी येतो. हा भाग बघून डोळे ओलावले नाहीत तर मालिका खुशाल सोडून द्या.

चाहत्यांत जिमवरून कायम वाद होतात: सहकारी ड्वाइटच्या खोड्या काढणारा जिम नायक की दादागिरी करणारा? मला वाटतं खोडी काढल्यावर तो आधी पॅमकडे बघतो, ड्वाइटकडे नाही. म्हणजे तोही प्रेक्षकच शोधतोय, मायकलसारखा. मायकलपेक्षा त्याला वेळ साधता येते एवढंच.

मायकल सातव्या सीझनमध्ये, एप्रिल २०११ च्या ‘गुडबाय, मायकल’ या भागात जातो. पुढे विक्री विभागातला अँडी बॉस होतो आणि घोटाळा तिथे होतो. अँडीला काय हवंय ते सीझनगणिक बदलत राहतं, त्यामुळे त्याची फजिती होते तेव्हा आपल्याला कशाची काळजी करायची ते कळत नाही. प्रसंग तसेच, शांतता तशीच, पण आतली भूक नाही. आठवा सीझन वगळलात तरी चालेल. नवव्यासाठी ग्रेग डॅनियल्स परत सूत्रं हाती घेतो आणि शेवटचे काही भाग पुन्हा रुळावर येतात. ते चुकवू नका.

आणि हो, ‘स्कॉट्स टॉट्स’. सहाव्या सीझनचा हा भाग कट्टर चाहतेही वगळतात. दहा वर्षांपूर्वी मायकलने शाळेतल्या मुलांना कॉलेजची फी भरायचं वचन दिलेलं असतं. आता ती मुलं त्याचे आभार मानायला गाणं बसवून तयार आहेत आणि त्याच्याकडे पैसे नाहीत. तो त्यांना लॅपटॉपच्या बॅटऱ्या देतो. इथे समोरच्यांचं नुकसान खरं आणि मोठं आहे, म्हणून हसू अडतं. बघवत नसेल तर बंद करा, कथानकाचं फारसं काही हुकत नाही. फक्त परतीच्या गाडीतलं एरिनचं, म्हणजे नव्या रिसेप्शनिस्टचं, बोलणं तेवढं ऐका. ती त्याला सांगते की त्या वर्गातली मुलं शाळेतल्या बाकीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात शिक्षण पूर्ण करतायत, आणि वचन नसतं तर कदाचित तसं झालं नसतं. मायकल ते ऐकतो तेव्हा कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, तेवढं बघा.