स्टिकर इंटेलचं, खाली खेकडा

मागच्या मृगात आमच्या गावावर अशी वीज कडाडली की सेवा केंद्रातल्या मेन कॉम्प्युटरचा लॅन पोर्टच (नेटची केबल लावायची जागा) उडाला, बाकी मशीन ठणठणीत. मदरबोर्ड बदलण्यापेक्षा वेगळं नेटवर्क कार्ड टाकू म्हणून नागपूरला गेलो, एका दुकानात इंटेलचं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस वालं कार्ड ५५० ला मिळालं, डब्बा सीलबंद, घेऊन आलो.

जुलैच्या शेवटी पीक विम्याची गर्दी अन् दर दहा-पंधरा मिनिटांनी लॅन तुटायची. एक म्हातारे बुवा सकाळपासून सातबारा घेऊन बसलेले, "काऊन गा पोरा, माहा फारम आज भरत नाही काय?" लय वाईट वाटलं. त्यांचा फॉर्म शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरला.

आधी शंका केबलवर, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएस चारवरच चालतं, म्हणून केबलच्या टोकाचे सगळे कनेक्टर परत दाबून बसवले (क्रिंप केले), तरी स्पीड १०० च. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज उघडलं. व्हीईएन म्हणजे कंपनीचा नंबर, डीईव्ही म्हणजे चिपचा; इंटेल असेल तर व्हीईएन ८०८६ दिसतं, इथं १०ईसी म्हणजे रिअलटेक ही दुसरी कंपनी, पुढे डीईव्ही ८१३६, ती चिपच १०० वाली. कार्ड काढून चिपवरचं स्टिकर नखाने सोललं तर खाली रिअलटेकचा खेकडा (त्या कंपनीचं चिन्ह) अन् चिपचं नाव आरटीएल ८१०५.

रिअलटेक वाईट नाही बरं का, ८१११ चिपचं गिगाबिट कार्ड त्याच नावानं विकत असतील तर खुशाल घ्या, माझं दुसरं मशीन त्याच्यावरच चालते. राग खोट्या नावाचा आहे, गरिबाचं काम अडते त्याच्यानं. दुकानदार म्हणे स्टिकर काढलं, आता वॉरंटी नाही, अन् पक्कं बिल मी घेतलंच नव्हतं. तुम्ही जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल अन् सिरियल नंबर लिहूनच घ्या. आयडी बरोबर आला तरी चिप खरी अन् बाकी माल हलका असं पण असते, म्हणून कंपनीच्या साइटवरच्या फोटोशी कार्ड जुळवून पहा.

नवीन कार्ड अमरावतीहून आणलं, आधी दुकानातल्याच मशीनला लावून आयडी दाखवा म्हटलं, त्या भाऊनं दाखवला, मग पैसे दिले. घरी ५ जीबीचा स्कॅनचा फोल्डर दुसऱ्या मशीनवर टाकून पाहिला, पाऊण मिनिटात गेला, जुन्या कार्डावर सात-आठ मिनिटं लागायची. आता आभाळ भरून आलं की पहिले लॅनची केबल काढतो.