खुलाशात न मावलेलं

टूर कंपनीच्या ऑफिसने लेखी खुलासा मागितला आहे: पोर्तुगालच्या सहलीत, सिंत्राच्या दिवशी ज्येष्ठ प्रवाशाला एकटं का सोडलं? त्याला दोन ओळी पुरतात. बाकीचं इथे लिहिते.

ग्रुप ठाण्याचाच, नौपाडा-पाचपाखाडीतली मंडळी. लिस्बनच्या रॉसिओ स्टेशनातून सिंत्राची लोकल सुटते, चाळीसेक मिनिटांचा प्रवास. ठाणेकरांना गाडीत चढायला शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो गेटवर. तिथे माणशी एक कार्ड लागतं, आणि आपल्याकडे सगळ्यांची तिकिटं सांभाळणारा घरचा कर्ता केव्हाच पलीकडे गेलेला असतो.

खरी गोम वर, डोंगरावरच्या पेना राजवाड्याची. तिकिटावर छापलेली वेळ महालाच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटक ते दार अर्ध्या तासाचा चढ. उशिराला माफी नाही. त्याआधी स्टेशनवरून वर जाणाऱ्या ४३४ नंबरच्या बसची रांग. ठाण्यात एसीत बसून कार्यक्रम आखणाऱ्यांच्या कागदावर मात्र पेना, मूरांचा किल्ला, रेगालेराची विहीर आणि गावातला राजवाडा एका दिवसात आरामात बसतात.

स्टेशनबाहेर काकांनी, म्हणजे खुलाशातल्या त्या ज्येष्ठ प्रवाशाने, डोंगराकडे एकदा पाहिलं. ‘अगं, तुम्ही जा वर. माझे गुडघे गावातल्या राजवाड्यापुरतेच आहेत.’ पेना त्यांच्या लेखी तसा कालचाच. फर्नांदो दुसऱ्याने १८३८ मध्ये पडका मठ विकत घेऊन त्यावर लाल-पिवळा महाल उठवला. काकांना बघायचा होता तो वास्को द गामाला हिंदुस्थानात धाडणाऱ्या मानुएल राजाचा वाडा. ‘ज्या पोर्तुगीजांच्या किल्ल्याचं ठाण्यात जेल झालं, ते स्वतः कसे राहायचे बघू तरी.’

ग्रुप फोडायचा नाही हा नियम मला पाठ आहे. पण त्यांच्यापाशी थांबले तर बाकी सगळ्यांची वेळ हुकणार, आणि ओढत वर नेलं तर गुडघा जाणार. मी त्यांना राजवाड्याच्या दारापर्यंत पोचवून तिकीट काढून दिलं, हॉटेलचं कार्ड खिशात घातलं, तीनला स्टेशनवर भेटायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, ‘सोड गं, घरीही ते कुणाचं ऐकत नाहीत.’

आम्ही चढाच्या मध्यावर असताना घोडबंदर रोडवरून त्यांच्या मुलाचा फोन. काकूंनी फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या फोटोत बाबा नव्हते. ‘परक्या देशात म्हाताऱ्या माणसाला सोडता? पैसे कशाचे घेता?’ काकांचा फोन लागत नव्हता, कारण त्यावर रोमिंगच नव्हतं. ‘आईचं आहे ना, दोघांना कशाला?’ असं मुलानेच ठरवल्याचं काकूंनी मागाहून सांगितलं. एका हाताने फोन, दुसऱ्याने छत्री उंच धरून मी लोकांना दारापर्यंत नेलं. वेळ गाठली. आत पुढच्याची पाठ बघत सरकायचं. बाहेर आल्यावर आमच्यातल्या एकालाही राजाचं नाव सांगता आलं नाही.

काका आमच्या आधी स्टेशनवर हजर. स्वयंपाकघरावरची ३३ मीटर उंच दोन धुराडी त्यांनी आत उभं राहून, मान मोडेपर्यंत पाहिली होती. ७२ सरदार घराण्यांची चिन्हं असलेलं दालन पाहिलं, आणि सहावा अफोन्सो १६८३ मध्ये मरेपर्यंत जिथे कैदेत होता ती खोली. ‘सख्ख्या भावाने राज्य घेतलं, बायको घेतली, वर कोंडून घातलं,’ हे त्यांनी लोकलमध्ये समोरच्या बाकावरच्यांना दोनदा सांगितलं.

तक्रार काकांनी केलेली नाही, मुलाने केली आहे. मुलाच्या धास्तीला मी खोटं म्हणत नाही. काका पडले असते तर मी आज हे लिहीत नसते, वकील शोधत असते. पण नियम लिहिणाऱ्याने त्या बसच्या रांगेत गुडघेदुखीचा माणूस उभा करून बघावा.

पुढच्या बॅचचा कार्यक्रम काल मेलवर आला. पेना सकाळी, गावातला राजवाडा ‘वेळ उरल्यास’.