जिप्सी: हेड फेसिंगचं कॉम्प्रेशन गेलं कुठं?

मागच्या वेळी हेड फेसिंग (इंजिनच्या हेडचा तळ घासून घेणं, म्हणजे वरची जागा कमी होऊन मिक्श्चर जास्त दाबलं जातं) करून आणल्यावर मी फुशारकी मारली होती, की आता पन्हाळ्याचा चढ जिप्सी तिसऱ्यात ओढेल. कसलं काय! साडेतीन हजार आरपीएमच्या खाली गाडी तशीच मेलेली. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या गेजवर आधी १२८ पीएसआय होतं, फेसिंगनंतर १३७. हेडचं ०.८ मिमी ॲल्युमिनियम उडवलं आणि पदरात पडले नऊ पीएसआय.

ब्युरेटनं द्रव ओतून मोजलेल्या जागेचा हिशेब चुकला असेल म्हणून परत मांडला. बोअर ७४.५, स्ट्रोक ७५.५, म्हणजे सिलिंडरमागे ३२९ सीसी. वरची जागा गॅस्केट धरून ४१.१ होती, आता ३८.१. कॉम्प्रेशन रेशो (मिक्श्चर किती पट दाबलं जातं तो आकडा) ९.० वरून ९.६. गणित बरोबर. मग पिस्टनच्या रिंगांवर संशय घेतला, प्लगच्या भोकातून ऑइल सोडलं (रिंगा गळत असत्या तर दाब वाढला असता), काटा तिथंच. तीन संध्याकाळी गेल्या.

शेवटी प्रिंटरवर छापलेलं डिग्री व्हील (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती) जुन्या सीडीवर चिकटवलं आणि झडपेची हालचाल मोजायला डायल लावला. (हे आधीच करायला हवं होतं. तुमच्यापैकी दोघं ओरडून सांगत होते, मान्य.) कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) कार्डावर इनटेक झडप बंद व्हायचा आकडा, पिस्टन तळाला गेल्यानंतर ६६ डिग्री. कार्डावरच्याच लिफ्टला (झडपेच्या उचलीला) मोजलं तर ७३! तीनदा मोजलं, ७३च. एवढ्या उशिरापर्यंत झडप उघडी, म्हणजे वर येणारा पिस्टन मिक्श्चर परत मॅनिफोल्डात ढकलतोय. कागदावर ९.६, पण झडप मिटल्यापासून धरलं तर जेमतेम ७.२.

यातल्या दोनेक डिग्री माझ्याच पापाच्या: हेड खाली आलं की बेल्टची ताणलेली बाजू आखूड होते आणि कॅम मागे सरकतो. उरलेल्या पाच कॅम घासून देणाऱ्याच्या. फोन केला तर म्हणतो, "साहेब, रनिंगमध्ये सेट होतंय ते."

बेल्ट एक दात सरकवणं म्हणजे फारच उडी. म्हणून उद्यमनगरातल्या आमच्या टर्नर मामांकडून पुलीचा हब वेगळा करून स्लॉट मारून घेतले, म्हणजे कॅम थोडाथोडा सरकवता येतो. बाजारातल्या रंगीत व्हर्नियर पुलीपेक्षा हे काम मला जास्त विश्वासाचं वाटतं. कॅम दहा डिग्री पुढं घेतला, ६३वर. हातानं इंजिन चार वेळा फिरवलं, मग स्टार्टर मारला: १५३! चारही सिलिंडर तीन पीएसआयच्या आत. त्या रात्री गॅरेजमधून उठवेना.

नॉकिंगची (मिक्श्चर आपोआप पेटून इंजिन ठोकण्याची) भीती फारशी नाही. ई-२०ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) सगळे शिव्या देतात, पण इथं त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद, आपल्या कामाचा. पेट्रोलचे होजपाइप तेवढे बदलले.

आता नवीन डोकेदुखी: कॅम पुढं घेतला की इनटेक झडप पिस्टनच्या जवळ येते. पिस्टन वरच्या टोकापासून दहा डिग्री पुढं असताना टॅपेट स्क्रू आत फिरवत इनटेक झडप पिस्टनला टेकवली. फट १.६ मिमी. मला किमान दोन हवेत. जाड गॅस्केट टाकणार होतो, पण मग फेसिंग केलंच कशाला? कॅम ६५वर आणला तरी पुरेशी फट मिळत नाही. हे लिहिता लिहिताच हिशेब केला: पिस्टनमधले इनटेकचे खळगे अर्धा मिमी खोल केले तर वरची जागा ०.४ सीसीनं वाढेल, रेशो ९.५च्या वरच राहील. पिस्टनच्या माथ्याची जाडी मोजून मगच मामांकडे.

म्हणजे रविवारी हेड पुन्हा खाली. गॅस्केट यावेळी कंपनीचंच, स्वस्तातलं दोन ठिकाणी दोन जाडीचं निघालं होतं.